चौदावी बांगडी

सातवी बांगडी पारूच्या मनगटावर जाऊन बसली आणि मांडवातला गलका एकदम थांबला.

मी मान खाली घालून होते. पारूचा डावा हात माझ्या मांडीवर होता. अंगठ्याचं हाड आत दाबायचं, तळवा चुरगाळल्यासारखा करायचा आणि बांगडी अलगद वर सरकवायची, एवढ्यावरच माझं लक्ष होतं. नवरीच्या हातात बांगडी वाढली तर कासारणीचं तोंड कोणी बघत नाही. आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

"किती भरल्यास गं?" पारूच्या बायजामावशीनं विचारलं.

मी बोटानं मोजल्या. मोजायची गरज नव्हती. सातव्या बांगडीला हात आपोआप थांबला होता, तेव्हाच मला चूक कळली होती.

"सात."

"आणि आमच्या तांबेवाडीत किती असत्यात एका हातात?"

"सहा."

"मग ही सातवी कुठनं आली?"

पारू म्हणाली, "मावशी, माझा हात दुखतोय. आधी तो तरी सोडायला सांग."

मी हात सोडला. पारूनं तो वर धरला. हिरव्यागार सात बांगड्या खळकन कोपराकडे गेल्या आणि मांडवातल्या सगळ्या बायकांनी त्या मनातल्या मनात पुन्हा मोजल्या.

ही चूक कशी झाली ते सांगते. लढाई संपल्यानंतरचा उन्हाळा. मी तेव्हा सतरा वर्षांची. आमच्या बार्शीच्या चहूकडे निजामाचा मुलूख होता, त्याला सगळे मोगलाई म्हणायचे. बार्शीत आणि तिच्या आसपासच्या गावांत मात्र इंग्रजाचा अंमल. एका ओढ्याच्या अलीकडे तांबेवाडी, ती मोगलाईत. पलीकडे कोरेगव्हाण, ते इंग्रजांत. ओढा असा की उन्हाळ्यात म्हशीचेही खूर भिजत नसत. पण अलीकडे निजामाचा हाली रुपया चालायचा, त्याच्यावर चारमिनार. पलीकडे इंग्रजाचा कलदार, त्याच्यावर राजाचं मुंडकं. दोन्ही चांदीचे, दोन्हीचे आणे सोळाच, पण हालीची किंमत कमी.

सरकारी भाव होता शंभर कलदाराला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हे मला फार उशिरा कळलं. बासष्टाव्या वर्षी मी वाचायला शिकले, तेव्हा ज्ञानोबाकाकांच्या, म्हणजे पारूच्या वडिलांच्या, नातवानं एक जुना कागद पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, वाचा आजी. त्यावर तो आकडा होता. आम्हाला त्या काळी इतकं लांबलचक काही ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत, सात हाली म्हणजे सहा कलदार.

आणि आम्हा कासारांना तेही बांगड्यांत माहीत. साधी काचेची बांगडी, कलदार आण्याला सात, हाली आण्याला सहा. एका हाताला एक आणा, असा पूर्वीपासूनचा ठोक भाव. त्यामुळे कोरेगव्हाणच्या बायकांच्या एकेका हातात सात आणि तांबेवाडीच्या बायकांच्या एकेका हातात सहा. किती पिढ्या हे चाललं होतं कोण जाणे. आणा विसरला, हात राहिला. बाजारात एखाद्या बाईनं पदर सावरायला हात वर केला की ती ओढ्याच्या कुठल्या बाजूची ते कळायचं.

माझं माहेर बार्शीचं. बापही कासार. पाच वर्षांची असल्यापासून मी बापाला सुतळीतून सात-सात बांगड्या सोडून देत आले. लग्न होऊन मोगलाईत आले, तरी हात बार्शीचाच राहिला.

दोन वर्षं मी सासूच्या मागे पाटी घेऊन हिंडले. आम्ही सासूला आत्याबाई म्हणायचो. बाईचा हात हाती घेतला की न बघता माप सांगणारी ही बाई. त्या दिवशी सकाळी दारातच पाय धरून बसल्या. म्हणाल्या, "पाय मुरगळलाय. मामंजी आणि तुझा नवरा बार्शीला माल आणायला गेलेत. ज्ञानोबा माळ्याच्या पारूचा चुडा तूच भर."

"मी एकटी?"

"मग काय तांबेवाडीची चावडी संगं देऊ? हे बघ गोदा. पाटी आजचा दिस तुझी. बांगडी न बांगडी हिशोबात आली तर कायमची तुझी, दोन्ही बाजूंचे बाजार तुझे. न्हाई तर चुलीपुढं बस. भाकऱ्या बऱ्या करतीस."

भाकरी मला अजिबात आवडत नसे. म्हणजे करायला. मला बाजार आवडायचा, वाट आवडायची, अनोळखी बायकांचे हात आवडायचे. ती पाटी मला हवी होती. आणि पहिल्याच हातात मी सातवी बांगडी भरून बसले होते.

"उतरव ती," बायजामावशी म्हणाली.

मी म्हणाले, "मावशी, नवरीचा चुडा उतरवतात का? आणि उतरवताना वाढली तर?"

हळदीच्या दिवशी नवरीच्या हातातली बांगडी वाढण्याचा विचारही कोणाला नको होता. सातवी आता तिथेच राहणार, हे सगळ्यांनाच कळलं.

इतक्यात वाजंत्री वाजली आणि जानवशावरून वरमाय आली. कोरेगव्हाणच्या मथुराबाई. हातात नवऱ्या मुलाच्या उष्ट्या हळदीची वाटी, मागे त्यांच्या गावच्या अकरा बायका. आमच्या भागात हिरव्या चुड्याचे पैसे वरमाय देते. त्यांनी पाटापुढे दोन आणे ठेवले, पारूचा हात उचलून बघितला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"सात. बघा, कासारणीला कळतं. आमचा पैसा कलदार, तर चुडा कलदार. आता उजव्यातबी सात भर पोरी, म्हंजे हळद लावू."

"उजव्यात सहा," बायजामावशी म्हणाली.

"का?"

"का म्हंजे? आमच्यात सहा असत्यात."

"पर पैसा आमचा हाय न्हवं?"

"हात आमचा हाय."

मथुराबाई हसल्या. "हात आजचा दिस तुमचा. उद्या दुपारनंतर आमचाच. आणि विहीणबाई, राग मानू नका, पर तुमचा रुपयाच चौदा आण्यांचा. त्यात सहाच येणार. आम्ही सात देतोय तर घ्या की."

तिथे बसलेल्या बायकांत कुजबुज झाली. चौदा आण्यांचा रुपया हे कोरेगव्हाणवाल्यांचं ठरलेलं बोलणं होतं. बाजारात कोथिंबिरीची जुडी घेतानासुद्धा ते ऐकवायचे.

बायजामावशी सावकाश उठून उभी राहिली. "आमच्या चौदा आण्यांवर चारमिनार तरी हाय. तुमच्या सोळा आण्यांवर नुसतं एक मुंडकं." काही बायका हसल्या, पण तिचा आवाज पुढे उतरला. "विहीणबाई, हिची आई माझी धाकटी बहीण. ही दोन वर्षांची असताना गेली. अहेव गेली, कपाळावर कुंकू घेऊन. जाताना तिच्या हातात सहा-सहा होत्या. मी मोजल्यात. हिच्या हातात सात-सात घालून पाठवली तर तिच्या आईला काय सांगू? म्हणू का, तुझ्या सहाला किंमत नव्हती म्हणून?"

मथुराबाईंचं हसू गेलं. पण मागे अकरा बायका उभ्या होत्या. वरमायेला मागे सरकता येत नव्हतं.

"ते खरं असंल," त्या म्हणाल्या. "पर एका हातात सात, एका हातात सहा भरून सून नेली तर माझ्या गावात काय म्हणतील? म्हणतील, मथुरेनं एक हात आणला आणि एक हात तिकडंच गहाण ठेवला. न्हाई. उजव्यात सात भरा, न्हाई तर ही हळद आणली तशी जानवशावर नेते."

वाटी त्यांनी पदराखाली घेतली.

ज्ञानोबाकाका मांडवाच्या खांबाशी उभे होते. अंगावर नवं धोतर, पण हाताला वांग्याच्या मळ्याची माती तशीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्यांच्या पोरीची हळद माझ्या एका बांगडीपायी परत चालली होती. आणि मला स्वच्छ दिसत होतं की ओढ्याच्या दोन्ही बाजूंना या कासारणीला पुन्हा कोणी बोलावणार नाही. मी आणि चूल.

पारूनं माझ्या गुडघ्याला पायाचं बोट टोचलं. खालच्या आवाजात म्हणाली, "गोदे, काहीतरी कर बाई. मला भूक लागलीय."

मी पाटीतल्या हिरव्या बांगड्यांकडे बघत होते. सात आणि सहा, सात आणि सहा. आणि मग मला रविवारचा बार्शीचा बाजार आठवला. भाजी विकून झाल्यावर सराफाच्या कट्ट्यावर बसलेले, आणि परत येताना सबंध वाट सराफाला शिव्या घालणारे ज्ञानोबाकाका.

"काका," मी म्हणाले, "बार्शीच्या सराफाला सात हाली दिले तर किती कलदार देतो?"

"आता हे काय मध्येच?"

"सांगा तरी."

"सहा. आणि वर दोन आणे वटाव काढतो. माझ्या घामाचे दोन आणे, दर आठवड्याला." सराफाचा विषय निघाला की काकांना राहवत नसे. "नुसतं हे नाणं ते नाणं करायचं, त्याचे दोन आणे."

"वटाव सोडा. सात हाली आणि सहा कलदार एकच ना?"

"एकच."

"मग हा डावा हात हाली," मी पारूचा डावा हात वर धरला, "आणि हा उजवा कलदार. ह्यात सात, त्यात सहा. दोन्ही हात सारखे. कुणाचं कमी न्हाई, कुणाचं जास्त न्हाई."

बायकांनी मनात उलटंपालटं करून बघितलं. बांगड्या घ्यायला गेलं की हालीच्या सहा आणि कलदारच्या सात. पण सराफाच्या कट्ट्यावर हालीचे सात आणि कलदारचे सहा. दोन्ही गोष्टी त्यांना जन्मापासून माहीत होत्या. एका जागी कधी ठेवल्या नव्हत्या, एवढंच.

बायजामावशी खाली बसली. "म्हंजे सात आमचे?"

"तुमचे."

"आन सहा त्यांचे?"

"त्यांचे."

"जन्मभर सहा-सहा ऐकलं," ती पारूच्या डाव्या हातावर बोट फिरवत म्हणाली. "आज आमचे सात झाले म्हणायचे."

"आणि आमचे सहा झाले व्हय?" मथुराबाई म्हणाल्या.

"काकू, तुमचे सहा हायेत, पर ते समोरच्या सातांना पुरून उरत्यात."

त्यांच्या मागच्या अकरा बायकांतली एक जण फिस्सकन हसली. मथुराबाईंनी मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे. बाई हुशार होती. पटकन मान तुकवणारी नव्हती.

"बोलायला बरी हायेस. पर सराफ वटाव घेतो, त्याचं काय? वटाव धरला तर हात सारखे कुठं राहिले?"

याचं उत्तर ज्ञानोबाकाकांकडे होतं. ते खांब सोडून पुढे आले, कमरेचा कसा सोडला आणि पाटावर एकेक करून सात चारमिनार मांडले. मग सवयीनं, अगदी सराफाच्या कट्ट्यावर ठेवावेत तसे, बाजूला दोन आणे ठेवले.

"विहीणबाई, टाका सहा कलदार. वटावासकट मोजून घ्या. पर माझ्या पोरीला हळद लावा."

मथुराबाईंनी त्या दोन आण्यांकडे बघितलं. मग ज्ञानोबाकाकांच्या मातीच्या हाताकडे. हळदीची वाटी त्यांनी पदराखालून काढली, पाटावर ठेवली आणि कनवटीचे सहा कलदार त्या सात हालींशेजारी मांडले. मग एका बोटानं ते दोन आणे परत काकांकडे सरकवले.

"मी काय सराफ हाय? सोयऱ्याकडनं वटाव घेते व्हय मी?"

बस. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. ते तेराही रुपये पारूच्या ओटीत गेले. मी तिच्या उजव्या हातात सहा भरल्या, सातवीकडे हात जायच्या आत सुतळीच बाजूला ठेवली. पारूनं मला वाकून नमस्कार केला. बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायची रीतच आहे, पण वाकलेली असताना ती म्हणाली, "आता तरी जेवायला वाढा म्हणावं."

पुढचं मात्र मी धरलं नव्हतं. नवरीसारखंच आम्हालाही भर, म्हणून सगळ्या बायका पुढे सरकल्या. डाव्यात सात, उजव्यात सहा. तांबेवाडीच्या चौतीस बायका आणि कोरेगव्हाणच्या अकरा. पाटी रिकामी होत आली. दोघीच हटून राहिल्या. बायजामावशी म्हणाली, "माझे हात हायेत तसे बरे. बहिणीसारखे." आणि मथुराबाई म्हणाल्या, "मी माझ्या घरी भरीन. परवा गोंधळ हाय, ये पाटी घेऊन. भावकीच्या बायकांना भर."

मी हवेतून चालल्यासारखी घरी आले. आत्याबाई उंबऱ्यावर पाय पसरून बसल्या होत्या. सगळं सांगितलं. त्या एकदाही हसल्या नाहीत.

"सूप आण," म्हणाल्या. "आणि जोंधळ्याचे चार मुठी दाणे."

लिहिणं वाचणं आम्हा दोघींनाही येत नव्हतं. त्यांचा हिशोब दाण्यांवर चालायचा आणि त्यात कधी चूक निघाली नाही.

"हाली बाईला दोन आण्यात किती याच्या?"

"बारा."

"तू दिल्यास तेरा. एक जास्त गेली. अशा किती बाया?"

"चौतीस."

त्यांनी सुपाच्या एका बाजूला चौतीस दाणे मोजले. "कलदार बाईला दोन आण्यात किती?"

"चौदा."

"तू दिल्यास तेरा. एक राहिली. बाया किती?"

"अकरा. आणि नवरीचेबी कलदारच होते, म्हंजे बारा."

बारा दाणे दुसऱ्या बाजूला. मग त्यांनी या बाजूचा एक, त्या बाजूचा एक असे जोडीनं उचलून मडक्यात टाकले. सुपात उरले ते पुन्हा मोजले. बावीस.

माझं हवेतून चालणं तिथे संपलं.

"बावीस बांगड्या गेल्या," आत्याबाई म्हणाल्या. "बोलणं चांगलं केलंस. पर बोलण्याला काचवाला माल देत न्हाई."

"मग पाटी...?"

त्यांनी ते बावीस दाणे माझ्या पदराच्या टोकाला बांधले. "परवा कोरेगव्हाणला जा. त्याबी नवरीसारखंच मागतील, सात आणि सहा. पैसे चौदाचे देतील. एक बाई भरली की एक दाणा टाक. दाणे संपले की त्यापुढं एकबी बांगडी जास्त राहिली, तर ती आपली न्हाई. ध्यानात ठेव. कमी पडली तरी हिशोब चुकला आणि जास्त उरली तरी चुकला."

तिसऱ्या दिवशी मी ओढा ओलांडला. मथुराबाईंच्या अंगणात गोंधळाची तयारी चालली होती आणि पारू नवी सून म्हणून कोपऱ्यात बसून लसूण सोलत होती. मला बघून तिनं दोन्ही हात खळखळ वाजवले.

बायका आल्या. बरोबर तेच मागितलं. एक हात हाली, एक हात कलदार. त्या दोन दिवसांत ही गोष्ट गावभर झाली होती आणि ज्या मांडवात नव्हत्या त्याच ती जास्त रंगवून सांगत होत्या. मी एकेक बाई भरत गेले आणि एकेक दाणा अंगणात टाकत गेले. तिसऱ्या दाण्याला एक तांबडी कोंबडी आली, ती माझ्या पाटीपाशीच बसली. बाई उठली की कोंबडी मान वर करायची.

बाविसावी बाई उठली. बाविसावा दाणा कोंबडीनं खाल्ला. पदराची गाठ रिकामी झाली.

मग हात पुसत मथुराबाई आल्या आणि माझ्यापुढे बसल्या. दोन आणे ठेवले, हात पुढे केले. जाडजूड, कामाचे हात. मी जपून जपून डाव्यात सात भरल्या, उजव्यात सहा. त्यांनी हात फिरवून बघितले. मग कोंबडीकडे बघितलं. कोंबडी मान वर करून वाट बघत होती.

"प्रत्येक बाईमागं दाणा टाकत होतीस," त्या म्हणाल्या. "ओट्यावरनं बघत होते मी. माझ्या मागं का न्हाई टाकलास?"

"संपले, काकू."

"कशाचे होते ते दाणे?"

खोटं बोलायचं मनात आलं नाही असं नाही. पण त्या बाईपुढे ते टिकलं नसतं.

"दोन कलदार आण्यात चौदा बांगड्या याच्या. तेराच भरल्या. चौदावी राहिली, तिचा दाणा."

बाविसांपैकी पाचसहा जणी आपापले हात मोजायला लागल्या.

"म्हंजे बावीस बायांची चौदावी तू ठेवलीस?"

"ठेवली न्हाई. आधीच देऊन बसले होते. पारूच्या मांडवात तांबेवाडीच्या बायांना दोन हाली आण्यात बाराच याच्या. मी तेरा दिल्या. तिथं माझ्या बावीस जास्त गेल्या, त्या इथं भरून निघाल्या."

मथुराबाईंनी अंगणातल्या हातांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "आमच्या बांगड्यांनी तांबेवाडी नटली म्हणायची."

"तुम्हीच म्हणालात काकू. सोयऱ्यांत वटाव न्हाई."

कोपऱ्यातून पारूचं हसू आलं आणि लगेच दाबलं गेलं. नव्या सुनेनं हसायचं नसतं. पण मथुराबाईच हसायला लागल्या. बाकीच्याही हसल्या. ज्या हात मोजत होत्या त्यांनी हात खाली घेतले.

"आणि माझी चौदावी?" मथुराबाईंनी विचारलं. "माझ्या वेळी तर दाणे संपले होते."

"तुमची ही." मी ती आधीच सुतळीतून काढून ठेवली होती. "कुठल्या हातात भरू?"

त्यांनी बांगडी बोटांत धरून उन्हाकडे केली. हिरवा कवडसा त्यांच्या गालावर पडला. मग ती माझ्या तळहातावर परत ठेवली.

"जाताना बायजाबाईला दे. सांग, कलदार हाय. वटाव न्हाई." आणि एवढी मोठी वरमाय माझ्यापुढे, सतरा वर्षांच्या पोरीपुढे, रीतीप्रमाणे वाकली.

परत येताना मी बायजामावशीकडे गेले. ती मागच्या दारी वांगी निवडत होती. पारू गेल्यापासून घर मोठं मोठं वाटतंय म्हणाली. मी बांगडी पुढे केली आणि निरोप सांगितला.

तिनं ती लगेच घेतली नाही. "कशी हाय पारू?"

"लसूण सोलत होती. हसली म्हणून कोणी रागावलं न्हाई."

बायजामावशीनं आपले दोन्ही हात समोर धरले. सहा आणि सहा. मग डावा हात माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्यात भर," म्हणाली. "बहिणीला सांगेन मी. तिला सोयरिकीतलं कळत होतं."

हात उन्हानं आणि पाण्यानं कडक झालेला. सातवी बांगडी चढायला फार वेळ लागला, पण वाढली नाही.

घरी पोचले तेव्हा आत्याबाई आडावरून पाण्याच्या घागरी घेऊन येत होत्या. कमरेवर एक, डोक्यावर एक. पाऊल अगदी सरळ पडत होतं. मला बघून त्या थबकल्या, मग उगाच दोन पावलं लंगडल्या.

"झालं?"

"झालं. दाणे संपले."

"आणि उरली किती?"

"एक. मथुराबाईंची. त्यांनी ती बायजामावशीला दिली. आत्ता भरून आले."

त्यांनी घागरी खाली ठेवल्या, पाटीत हात घालून उरलेल्या बांगड्या चाचपल्या, ओठ हलवत मोजल्या. एकदा. मग पुन्हा एकदा. मी तिथेच उभी होते. कोंबडीसारखी मान वर करून.

मोजून झाल्यावर त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढली. लुगड्याच्या जुन्या पट्टीची, वीस वर्षं पाटीचं ओझं वाहून चपटी झालेली. ती त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली आणि तळहातानं दाबून बसवली.

"उद्या बाजार हाय," म्हणाल्या. "भाकऱ्या मी करीन."